तारीख, सनद आणि उतारा

मराठीतला सर्वांत प्रसिद्ध दारुडा पेशाने वकील आहे: राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला सुधाकर. १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने ते नाटक रंगभूमीवर आणले, बालगंधर्वांनी सिंधू उभी केली आणि तेव्हापासून प्रेक्षक सिंधूसाठी डोळे पुसत आला. त्या पाण्याआडून एक गोष्ट नीट दिसलीच नाही. सुधाकर दारूकडे वळतो तो कोर्टातून. न्यायाधीशाशी खटका उडतो, सनद काही काळासाठी जाते, आणि अपमानाने पोळलेल्या त्या माणसापुढे पहिला प्याला धरतो तो तळीराम, म्हणजे त्याचाच कारकून. पुढे सुधाकर एकदा सोडण्याचा निर्धार करतो, काम मागायला प्रतिष्ठितांच्या दारात जातो, तिथे झिडकारला जातो आणि परत बाटलीशी येतो. व्यवसायातला ताण, शिस्तभंगाची कारवाई, हाताखालच्या माणसाची साथ, एकट्याने घेतलेली शपथ, पुन्हा उभे राहू न देणारा समाज आणि रिलॅप्स, असा या विषयाचा अख्खा अभ्यासक्रम गडकऱ्यांनी मांडून ठेवला आहे. त्यात उपचार तेवढा नाही, कारण त्या काळी तो नव्हताच. आज आहे. तरी तालुक्याच्या कोर्टातला सुधाकर पुष्कळदा बिनउपचाराचाच जातो. बार रूममध्ये शोकसभा होते, त्या दिवसाचे कामकाज थांबते, आणि वर्तमानपत्रात छापून येते: ‘अल्पशा आजाराने निधन’.

हे पुस्तक त्या अल्पशा आजाराबद्दल आहे.

ते ज्यांच्यासाठी काढले त्यांत वकील आहेतच. पण वकिलाची बायको, त्याचा ज्युनिअर, कारकून, समोरच्या खुर्चीवर बसणारे न्यायाधीश, आणि वकील नावाचा पेशंट दाखल झाल्यावर कपाळाला हात लावणारे समुपदेशक, हे सगळे वाचक मनात धरले आहेत. कायद्याचा अभ्यासक असाल तर वैद्यकाची भीती बाळगू नका. डॉक्टर असाल तर कलमांची बाळगू नका. दोन्हीकडचे जेवढे लागते तेवढे पुढे येईलच. प्रस्तावनेचे काम फक्त दार उघडून ‘या, बसा’ म्हणण्याचे. आणि इथेच पहिली अडचण उभी राहते, कारण आमच्याकडे ‘बसणे’ या क्रियापदाचा दुसरा अर्थच जास्त रूढ आहे. “काय वकीलसाहेब, आज बसायचं ना?” या प्रश्नात दारूचे नाव कुठेही नाही, तरी विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला खुलासा लागत नाही.

माझी उमेदवारी गंगापूरच्या कोर्टात गेली. या विषयाकडे मी जिल्ह्याच्या किंवा हायकोर्टाच्या पायरीवरून पाहत नाही, तालुक्याच्या पायरीवरून पाहतो, आणि त्याला कारण आहे. छत्रपती संभाजीनगर इथून तासाभराच्या अंतरावर आहे. तिथे अदालत रोडवर माणूस गर्दीत हरवू शकतो. गंगापुरात हरवता येत नाही. लासूर स्टेशनचा पक्षकार, वाळूजचा कामगार, कायगाव टोक्याचा शेतकरी, सगळे एकाच चहाच्या टपरीवर भेटतात. बांधाचे वाद, वाटणीचे दावे, पोटगी, चेक बाउन्स, आणि गेल्या काही वर्षांत समृद्धी महामार्गाच्या भूसंपादनाचा मोबदला कोणाच्या नावावर यायला हवा होता याची भावाभावांतली भांडणे. कोणता वकील संध्याकाळी कुठे बसतो हे पक्षकाराला वकिलाच्या फीआधी कळते. अशा ठिकाणी गुप्तता ही चैन नसते. ती नसेल तर उपचार सुरूच होत नाही.

या मातीचे आणि दारूचे नाते जुने आहे. निजामाच्या राज्यात आबकारी हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामात मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडे तोडली. झाड तोडणे म्हणजे सरकारच्या तिजोरीवर कुऱ्हाड घालणे होते. राज्य गेले, आबकारीचे नाव उत्पादन शुल्क झाले. आज वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यात बिअरचे कारखाने आहेत. २०१६ च्या दुष्काळात जायकवाडीत पाणी उरले नव्हते, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती करणाऱ्या कारखान्यांचे पाणी टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कापण्याचा आदेश दिला होता. तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. बार रूममध्ये त्यावर पुष्कळ विनोद झाले. विनोद करणाऱ्यांत एक जण असा होता की ज्याच्या यकृताचा अहवाल आम्हा दोघातिघांनाच ठाऊक होता, आणि सर्वांत मोठ्याने तोच हसत होता. कोर्टाला कारखान्याचे पाणी मोजता येते. शेजारच्या खुर्चीतल्या सहकाऱ्याचा पेला कोणत्याच कोर्टाच्या अधिकारकक्षेत येत नाही.

आता ‘उतारा’ या शब्दाकडे येतो. महसुलाच्या कामात वकिलाच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येणारा हा शब्द: सातबाराचा उतारा, फेरफाराचा उतारा. पिणाऱ्याच्या तोंडी त्याचा अर्थ वेगळा. रात्रीची उतरवण्यासाठी सकाळी घ्यायची ती. ज्या ज्येष्ठांच्या हाताखाली मी पहिली काही वर्षे काढली त्यांच्याकडे हे दोन्ही उतारे चालत. मला बराच काळ फक्त पहिला कळत होता. त्यांचा कारकून नव्या पक्षकाराचे वकीलपत्र तयार करी, वेल्फेअर फंडाचे तिकीट लावी, पक्षकाराची सही घेई, पण साहेबांच्या सहीसाठी ते वकीलपत्र अकराच्या आत कधीच पुढे करत नसे. मी एकदा घाई केली. साहेबांनी पेन घेतले, आणि वळणदार सहीसाठी ज्यांचे नाव होते त्या माणसाच्या हातून कागदावर मुंगी शाईतून चालल्यासारखी रेघ उमटली. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. कारकुनाने शांतपणे दुसरा फॉर्म काढला आणि मला म्हणाला, “तुम्ही जरा बोर्ड बघून या.” मी परत आलो तेव्हा सही झाली होती, नेहमीसारखी, देखणी.

त्या दोन सह्यांमधल्या अर्ध्या तासात काय घडले हे समजायला मला दहा वर्षे लागली आणि एका मानसोपचारतज्ज्ञाची गाठ पडावी लागली. मेंदूला रोजच्या दारूची सवय झाली की तो आपला तोल दारू धरूनच सांभाळतो. रात्री शेवटचा पेग झाल्यावर साधारण सहा ते चोवीस तासांत दारू उतरते आणि मेंदू नको इतका चेतवला जातो: हात कापतात, घाम येतो, मळमळते, छाती धडधडते. घोटभर पोटात गेली की थरथर थांबते. म्हणजे सुरेख सही ही प्रकृतीची खूण नव्हती, आजाराची होती. खरे बोलणारी सही पहिली होती. हस्ताक्षरतज्ज्ञाची उलटतपासणी करून सह्यांमधला फरक सिद्ध करणारे आमचे साहेब, आणि त्यांच्याच दोन सह्यांची ही कथा. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे. आठ किंवा अधिक गुण पडले तर सावध व्हायचे. त्यातला सहावा प्रश्न नेमका या सकाळच्या घोटाबद्दल आहे. मराठीत त्यासाठी एक पूर्ण वाक्य लिहावे लागत नाही, ‘उतारा लागतो का?’ एवढे पुरते.

कारकुनाचे वागणे क्रूर नव्हते. तो सांभाळून घेत होता. या विषयातला कळीचा शब्द मला विचाराल तर ‘व्यसन’ नव्हे, ‘सांभाळून घेणे’ हा आहे. आम्ही सगळेच सांभाळून घेतो. पुकारा झाला आणि साहेब जागेवर नाहीत, तर ज्युनिअर उठतो, “साहेब हायकोर्टात गेलेत, तारीख मिळावी.” समोरचा वकील माणुसकी म्हणून हरकत घेत नाही. न्यायाधीशांनाही अंदाज असतो. तेही वरिष्ठांचे वय पाहून शेवटची संधी म्हणून आणखी एक तारीख देतात. रोजनाम्यात ‘वादीतर्फे मुदतीचा अर्ज, मंजूर’ एवढीच ओळ पडते. त्या ओळीमागे चार माणसांची दया असते आणि त्या दयेवर आजार आणखी एक महिना पोसला जातो. पिणाऱ्याच्या मनातही तारखांचेच काम चाललेले असते: सोमवारपासून सोडतो, श्रावणात सोडतो, मुलीचे लग्न होऊ दे. मुदतीचे अर्ज लिहिण्यात हयात गेलेल्या माणसाला स्वतःपुढे असा अर्ज ठेवायला कितीसा वेळ लागतो?

ज्याचा दावा आहे तो पक्षकार या सगळ्या माणुसकीत कुठेच नसतो. एके दिवशी सांभाळणारा ज्युनिअर तापाने घरी असतो, ‘वादी व वादीचे वकील गैरहजर’ असा शेरा पडतो आणि दावा डिफॉल्टमध्ये निघतो. वकिलाच्या गैरहजेरीची शिक्षा बिचाऱ्या पक्षकाराला का, हा प्रश्न १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने रफिक विरुद्ध मुन्शीलाल या निकालात विचारला आणि पक्षकाराच्या बाजूने उत्तर दिले. ते उत्तर आम्ही विलंबमाफीच्या आणि रिस्टोरेशनच्या अर्जात इतक्यांदा उद्धृत केले आहे की ते पाठ झाले. पण तो वकील का आला नव्हता, हा प्रश्न त्या अर्जात कोणी विचारत नाही. तो विचारण्याची जागा अर्ज नव्हेच. मग कोणती, ते सांगणे हे या पुस्तकाचे काम.

सांभाळून घेणे संपते तिथे दुसरे टोक सुरू होते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ चे कलम ३५ व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तनाबद्दल बोलते. राज्य बार कौन्सिलकडे तक्रार, शिस्तपालन समिती, ताकीद, निलंबन, शेवटी सनदच जाणे. पक्षकाराचे पैसे अडकवणाऱ्या वकिलावर ही कारवाई झालीच पाहिजे, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण आजारी वकिलासाठी आमच्या व्यवसायाकडे पूर्वापार दोनच भांडी आहेत: एकात दया, दुसऱ्यात शिक्षा. तारीख किंवा सनद. मधले भांडे, ज्यात उपचार शिजतो, ते कायद्याने आम्हाला दिलेले नाही आणि आम्हीही मागितले नाही. एवढेच सांगण्यासाठी मी हे पुस्तक जुळवायला घेतले. बाकी सगळा तपशील आहे.

इतरत्र ते भांडे कसे घडले, हा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९३५ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन पिणाऱ्यांनी एकमेकांच्या आधाराने दारूपासून दूर राहण्याची वाट धरली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे आपली ‘एए’, तिथून धरतात. विल्सन स्वतः ब्रुकलिनच्या लॉ कॉलेजात शिकलेला, पदवी मात्र हाती आली नाही. या दोघांना आता तिसरा हवा होता. ते गावच्या इस्पितळात गेले आणि ‘कोणी आहे का’ म्हणून विचारले. खाटेवर जो होता तो ॲक्रनमधला वकील, बिल डॉटसन. तो त्या जूनच्या अखेरीस थांबला आणि १९५४ मध्ये वारला तोवर पुन्हा प्यायला नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या व्यसनमुक्ती चळवळीचा तिसरा सभासद वकील होता, ही गोष्ट मी अनेक बार रूममध्ये सांगितली आहे. प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणते, “मग पहिले दोन न्यायाधीश असतील.”

तिथल्या वकिलांनी पुढे ही गोष्ट व्यवसायाच्या चौकटीत आणली. अमेरिकन बार असोसिएशनने १९८८ मध्ये यासाठी आयोग नेमला. आज तिथे राज्याराज्यांत वकिलांना मदत करणारे कार्यक्रम चालतात. इंग्लंडात १९९७ पासून लॉकेअर ही संस्था आहे. मला यातल्या दोन कायदेशीर युक्त्या फार शहाणपणाच्या वाटतात. एक, सहकाऱ्याचे गैरवर्तन कळवण्याचे बंधन वकिलावर घालणाऱ्या अमेरिकेतल्या आदर्श नियमातच एक सूट ठेवली आहे: मान्यताप्राप्त मदत कार्यक्रमात जे कानावर आले ते कळवण्याची सक्ती नाही. म्हणजे मन मोकळे करणाऱ्याच्या हातून आपल्याच विरुद्धचा पुरावा तयार होत नाही. दुसरी युक्ती एका निकालातली. १९८७ मध्ये कर्सी नावाच्या वकिलाच्या प्रकरणात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने मान्य केले की गैरवर्तनाचे मूळ मद्यासक्तीत असेल आणि माणूस बरा होत असेल, तर ती गोष्ट शिक्षा ठरवताना मोजली पाहिजे. सनद काढण्याचा हुकूम स्थगित ठेवून त्याला देखरेखीखाली काम करू दिले. गुन्हा पुसला नाही. शिक्षेला उपचाराची अट जोडली. आमच्याकडे शिस्तपालन समितीपुढे असा युक्तिवाद करणारा वकील अजून माझ्या पाहण्यात नाही, आणि तो करता येणार नाही असे अधिनियमात कुठे लिहिलेलेही नाही. तरुण वाचकांनी याची नोंद घ्यावी.

आकडेही अमेरिकेतलेच हाताशी आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १२,८२५ वकिलांनी उत्तरे दिली. मघाच्या त्या ऑडिट चाचणीनुसार त्यांतले २०.६ टक्के घातक किंवा अवलंबित्वाच्या शक्यतेच्या पातळीवर पीत होते. त्याच पट्टीने मोजलेल्या इतर उच्चशिक्षित नोकरदारांत हे प्रमाण ११.८ टक्के होते. सर्वांत वाईट स्थिती व्यवसायाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या वकिलांची होती. मला वाटायचे हा म्हाताऱ्यांचा रोग, तसे नव्हते. आणि मदत का घेतली नाही याला सर्वाधिक वकिलांनी दिलेली दोन कारणे गंगापूरच्या टपरीवरचीच वाटतात: लोकांना कळेल ही धास्ती, आणि गुप्तता राहील याचा नसलेला भरवसा.

भारताचे चित्र वकिलांपुरते वेगळे काढलेले मी मांडत नाही. सर्वांचे आहे तेच पुरेसे गंभीर आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी, दारू पितात. आणि अवलंबित्व असलेल्या ३८ जणांत एकालाच काहीतरी उपचार मिळाला होता. एखाद्या तालुका बारमध्ये असे ३८ जण असतीलच असे नाही. पण असतील तेवढ्यांना तो ‘एक’ होणे जमावे, इतकीच अपेक्षा आहे.

वकिलाला सर्वांत मोठी भीती असते ती ‘वेड्यांच्या कायद्या’ची. एकदा मानसोपचार घेतला की आपण कायद्याच्या नजरेत मनोदुर्बल ठरू, मग वकीलपत्र कोण देणार, साक्ष कोण मानणार? या भीतीला उत्तर कलमातच आहे आणि ते वकिलांनीच वाचलेले नाही, याची मला मौज वाटते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था आपल्या व्याख्येत घेतल्या आहेत. पण त्याच कायद्याचे कलम ३(५) सांगते की मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्याने माणूस विकलमनस्क ठरत नाही. ते ठरवायचे तर सक्षम न्यायालयानेच ठरवायचे. कलम २३ पेशंटच्या माहितीच्या गुप्ततेचा हक्क देते. कलम २१(४) विमा कंपन्यांना सांगते की शारीरिक आजाराला जसे संरक्षण देता तसेच मानसिक आजाराला द्या. बरा असताना माणूस आपले आगाऊ निर्देश लेखी देऊन ठेवू शकतो: मला कुठे न्यावे, कोणता उपचार करावा, कोणता करू नये, माझ्या वतीने कोणी बोलावे. लोकांची मृत्युपत्रे करून देण्यात आयुष्य घालवलेल्या मंडळींना हा दस्त लिहिणे जड जाऊ नये.

याच कायद्याचा दुसरा उपयोग कुटुंबाने लक्षात ठेवावा. व्यसनमुक्ती केंद्राच्या नावाखाली माणसाला रात्री गाडीत कोंबून नेणारे आणि खोलीत डांबणारेही आहेत. माझ्या परिचयातल्या एकाला त्याच्याच भावांनी असे ‘उचलून’ दिले होते. परत आला तो भावांविरुद्धची फिर्याद डोक्यात घेऊन आणि बाटली खिशात घेऊन. केंद्र नोंदणीकृत आहे का ते विचारा. कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास कलम ९५ ने मनाई केली आहे. आणि दारू सोडवण्याची जी गोळी बायकोने चोरून आमटीत घालायची म्हणून सांगितली जाते, ती बहुधा डायसल्फिरम असते. तिच्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. क्वचित जीवावरही बेतते. ही गोळी उपयोगी आहे, पण ज्याला घ्यायची त्याला सगळे समजावून, त्याच्या संमतीने, डॉक्टरच्या देखरेखीखाली. न सांगता दिली तर ती विषप्रयोगाच्या जवळ जाते. फौजदारी वकिलाच्या घरात तरी हे घडू नये.

रोजची दारू एकदम आपल्या मनाने बंद करणेही धोक्याचे असते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, माणूस वेळकाळ विसरतो, आणि हे सांभाळले नाही तर मृत्यू येऊ शकतो. घरची माणसे म्हणतात, ‘दारू सोडल्यामुळेच गेला.’ खरे तर डॉक्टरविना सोडल्यामुळे गेलेला असतो. योग्य औषधे आणि थायमिनची इंजेक्शने देऊन हे दिवस पार पाडता येतात. त्याला डिटॉक्स म्हणतात. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. गंगापूरच्या माणसाला मुंबई-पुण्याला धावण्याची गरज पहिल्या पावलाला तरी नाही.

डिटॉक्स म्हणजे उपचार नव्हे, ती उपचाराची एक पायरी. खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते मराठीत कसे करायचे हे मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने दाखवले. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केले, पु. ल. देशपांड्यांची मदत त्यामागे होती. गर्दच्या विळख्यातल्या मुलांसाठी उघडलेले दार पुढे दारूच्या पेशंटांनाही उघडले गेले. पस्तीस दिवसांचा निवास, गटात बोलणे, काम, योगासने, घरच्यांना सोबत घेणे, आणि नंतर वर्षानुवर्षे फॉलोअप. तिथे वकील आणि हमाल एकाच सतरंजीवर बसतात.

वकिलाला हीच सतरंजी टोचते. त्याला प्रश्न विचारायची सवय असते, उत्तरे द्यायची नाही. समुपदेशकाने विचारावे, “रोज किती घेता?” आणि याने म्हणावे, “रोज म्हणजे काय, ते आधी स्पष्ट करा.” बायको पितो म्हणते, तर ती हितसंबंधी साक्षीदार. डॉक्टर म्हणतो, तर तो ऐकीव पुरावा. यकृताचा अहवाल दाखवा, तर लॅबच्या माणसाला तपासले आहे का? नाकारणे हे सगळ्याच व्यसनी माणसांचे लक्षण. वकिलाला त्याचे रीतसर प्रशिक्षण मिळालेले असते. एका अनुभवी समुपदेशकाने मला सांगितलेली तोड साधी आहे. तो वकिलाशी वाद घालत नाही. त्याला कागद देतो आणि म्हणतो, “गेल्या वर्षातल्या तुमच्या गैरहजेरीच्या तारखा डायरीतून काढून लिहा.” डायरी हा वकिलाचा स्वतःचा दस्त, तो नाकारता येत नाही.

दाखल होण्याला वेळ नाही, ही सबब मात्र मी ऐकून घेणार नाही. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागते. त्या काळात वकील महिनाभर दिसला नाही तर कोणी चौकशी करत नाही. गावी गेला, चारधामला गेला, काहीही समजतात. इतकी अनुकूल सुट्टी बाकी कोणत्या व्यवसायाला आहे?

न्यायाधीशांबद्दल चार शब्द लिहिणे भाग आहे. वकिलाला निदान बार रूम असते. न्यायाधीश बदलीच्या गावात एकटा असतो, कोणाकडे जेवायला गेला तरी चर्चा होते. दारूबंदी कायद्याच्या कलम ८५ खाली कालच ज्याला दंड केला तोच उद्या एएच्या सभेत शेजारी बसायचा, मग तिथे पाऊल कसे टाकायचे? त्यांच्यासाठी वेगळी, जिल्ह्याबाहेरची, फोनवरची सोय लागेल. वकील स्त्रियांचा प्रश्न आणखी झाकलेला आहे. त्यांच्याबाबतीत बाटलीपेक्षा झोपेच्या गोळ्यांची पाकिटे पर्समध्ये सापडतात, आणि ‘बाई पिते’ हे वाक्य सनदेपेक्षा मोठी शिक्षा असते. मुक्तांगणने स्त्रियांसाठी निशिगंध हा स्वतंत्र विभाग काढला तो याच जाणिवेतून. गुटखा आणि मोबाइलवरची रमी यांच्याबद्दल मी इथे लिहीत नाही. पहिल्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि दुसरी बार रूममध्ये माझ्या समोरच चालते.

ज्युनिअरांना मात्र थांबवून सांगतो. साहेबांसाठी तारीख घेऊ नका असे मी म्हणणार नाही. त्या दिवशी पक्षकाराचा दावा वाचवणे हे तुमचे कामच आहे. पण तारीख घेतल्यावर दुपारी साहेबांच्या समोर उभे राहून सांगा की आज मी तुमच्यासाठी खोटे बोललो. रागावतील. आमचे साहेब माझ्यावर रागावले असते. मी बोललोच नाही. त्यांच्या शोकसभेत मी बोललो, चांगले बोललो असे सगळे म्हणाले.

राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६. एएच्या सभेला फी नसते, आडनाव विचारले जात नाही. हे पुस्तक विकत घेतलेत तर त्यावर आपले नाव घालू नका. वाचून झाल्यावर बार रूमच्या कपाटात, एआयआर या निकालसंग्रहाच्या जुन्या खंडांच्या शेजारी ठेवून द्या, आणि एके दिवशी ते जागेवर दिसले नाही तर कोणी नेले याची चौकशी करू नका.